वगळलेला फोल्डर

मुलगा गेल्यापासून घरच्या कॉम्प्युटरवर काहीही शोधलं, तरी आधी त्याच्याच फायली वर यायच्या आणि सुनेचा हात माऊसवर थिजायचा. सासऱ्यांनी खटपट करून एक युक्ती शिकून घेतली. शोधताना त्याच्या फोल्डरच्या नावाआधी उणे चिन्ह टाकलं, की त्यातलं काहीच दिसत नाही.

"आता बिनघोर शोध, पोरी."

शाळेत द्यायला नातीचा फोटो हवा होता. सुनेने 'चिऊ' टाइप केलं आणि पुढे उणे चिन्ह देऊन त्याच्या फोल्डरचं नाव. एकही फोटो आला नाही.

"बाबा, तिचे फोटो हेच काढायचे ना..."

सासऱ्यांनी उणे चिन्ह खोडलं. स्क्रीन फोटोंनी भरून गेली. तो एकाही फोटोत नव्हता. चिऊ मात्र प्रत्येक फोटोत त्याच्याकडेच बघून हसत होती.