इंजनोबाचा मान

कोयत्याचा पहिला घाव गुंडूच्या खांद्यावर बसला. त्याच्या हातातली पहार सुटली आणि तो इंजिनाच्या पत्र्यावर उताणा पडला. उदयसिंहाने त्याच्या छातीवर गुडघा रोवला. खाली गंजक्या रुळांत जमलेली माणसं नुसती ओरडत होती. वर चढायची छाती कुणाला झाली नाही. मोबाईल मात्र सगळ्यांचे वर होते.

भांडण खंडेनवमीच्या पहिल्या नारळाचं. गडमुडशिंगीच्या पलीकडची, कारखान्याला ऊस नेणारी लाईन कधीच बंद पडली. वाफेचं इंजिन तेवढं माळावर राहिलं. लोकांनी त्याचा इंजनोबा केला. भट्टीचं दार हाच देव, त्यावर बोटभर शेंदूर.

उदयसिंह म्हणे, मान आमचा. बावीस वर्षांपूर्वी त्याचे वडील गणपतराव एका संध्याकाळी या इंजिनाकडे आले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत. सकाळी भट्टीच्या दारावर ताजा शेंदूर होता. गणपतराव देवात गुप्त झाले, असं गावाने ठरवून टाकलं. चौकशी करण्यापेक्षा हात जोडणं आपल्याकडे केव्हाही सोपं.

गुंडू म्हणे, मान आमचा. इथली पहिली पूजा त्याच्या आईने, चिमणाबाईने केली होती. तिने महिनाभर इथे ऊद जाळला. पुढे बावीस वर्षांत तिची दिवाबत्ती एक दिवस चुकली नाही.

आज शब्दाने शब्द वाढला. "तुझा बा देवात गेलाय न्हवं? मग बघूया की दार उघडून!" असं म्हणत गुंडूने दाराच्या फटीत पहार घातली. उदयसिंहाने पूजेला मांडलेला कोयता हळदकुंकवासकट उचलला.

आता तोच कोयता पुन्हा वर गेला. या वेळी नेम मानेवर होता.

चिमणाबाई धडपडत पायऱ्या चढली. तिने उदयसिंहाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"सोड त्येला. मान तुझाच हाय. आमास्नी कायबी नगं."

"मान गेला चुलीत! ह्येचं मुंडकंच पायजे मला."

त्याने तिला झटकलं. ती दारावर आपटली, कपाळ फुटलं. गुंडू लहान पोरासारखा "आई, आई" करत होता. ते तिला ऐकवेना. बावीस वर्षं याच पोरासाठी तिने तोंड मिटून ठेवलं होतं.

"उदया, मारायचं तर मला मार," ती म्हणाली. "तुझा बा हितं माझ्या अंगावर आला हुता. मी त्येचं डोस्कं फोडलं, न् ह्या भट्टीत कोंबला. शेंदूर मी रगात झाकायला फासला. देव तुमी केलासा."