तीन मरगळे

"नाव?"

"बाळाबाई मरगळे."

"नवऱ्याचं नाव?"

बाळाबाईनं पदराचं टोक ओठांशी धरलं आणि भिंतीकडं पाहिलं.

सरकारच्या वेबसाइटांवर लोकांची कोणकोणती खाजगी माहिती उघडी पडते, ते तपासायला विधिमंडळाची समिती पौडला आली होती. पंचायत समितीचं सभागृह भरलं होतं. खुर्च्या संपल्या, तसे लोक दारात दाटीनं उभे राहिले होते.

बाळाबाईची तक्रार साधी होती. धन्याला क्षय झाला, सहा महिने गोळ्या खाल्ल्या, बरा झाला. पण त्याचं नाव, गाव, गोळ्या न्यायला कोणत्या तारखेला आला, सगळं वेबसाइटवर तसंच राहिलं. उरवड्याच्या कारखान्यात तो रखवालदार होता. तिथल्या साहेबानं कंप्युटरवर बोट ठेवून ते नाव दाखवलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाला. आता सोमवारी दुसऱ्या कारखान्यात बोलावणं होतं. त्याच्या आत नाव निघायला हवं होतं.

"मावशी," समितीचे लिपिक चंद्रकांत म्हणाले, "नावच नाही सांगितलंत तर काढू कुणाचं? यादीत या तालुक्यातले तीन मरगळे आहेत."

"तीन?" बाळाबाई म्हणाली. "रेशनकारडावर असंल बघा त्यांचं."

"आणलंय कार्ड?"

"न्हाई. घरी हाय."

सभागृहात हसू पिकलं. मागून कुणीतरी ओरडलं, "घे की गं म्हातारे, लाजतीस काय नव्या नवरीवानी!"

समितीच्या अध्यक्ष, आमदार नलिनीताई, हसल्या नाहीत. "असू दे. आमच्या आईनंही जन्मात घेतलं नाही. चंद्रकांत, तुम्ही यादी वाचा. मावशी, तुमचं आलं की नुसती मान हलवा."

तोड सगळ्यांनाच पटली. चंद्रकांतांनी चष्मा सारखा केला, कागद डोळ्यांजवळ धरला.

"मरगळे—"

"ए बाबा, थांब!"

बाळाबाई उठून उभी राहिली होती. हात असा पुढं केलेला, जसा उतू जाणाऱ्या दुधावर करतात.

"वाचू नगा. हितं समदा तालुका बसलाय. त्या बाकीच्या दोघांनी तुमचं काय घोडं मारलंय? आमचं झालं तेवढं लई झालं."

चंद्रकांतांचा कागद हळूहळू खाली आला. ज्या चुकीची चौकशी करायला नलिनीताई मुंबईहून आल्या होत्या, तीच आपण माइकवरून करायला निघालो होतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसलं.

"मग कसं करायचं, मावशी?" त्यांनी विचारलं. आता त्या खरंच विचारत होत्या.

बाळाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. चाळीस वर्षांत जे नाव ओठांवर आलं नव्हतं, ते आणायला तिला जरा वेळ लागला.

"करवंदीच्या जाळीला काट्यांची राखण,
कोंडीबांचं नाव घेते, बाकीच्यांवर झाकण!"

कुणी हसलं नाही. मग दारातून एक टाळी आली, आणि मग सगळीकडून.

नलिनीताईंनी चंद्रकांतांच्या हातातली यादी घेतली आणि उलटी करून टेबलावर पालथी घातली. शेजारी बसलेल्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "एक नाव नाही, अख्खी यादी वेबसाइटवरून काढून टाका. अहवाल होईल तेव्हा होईल. फोन आत्ता लावा, आमच्यासमोर."

फोन लागले. अर्ध्या तासानं अधिकाऱ्यांच्या लॅपटॉपवर वेबसाइटचं ते पान कोरं झालं. नलिनीताई स्वतः खाली उतरून आल्या आणि बाळाबाईच्या पाया पडल्या. "उपकार झाले, मावशी. आज तुम्ही आमची तपासणी केलीत."

"म्या कुटं? तुमी ऐकलंत, त्येच लई," बाळाबाई म्हणाली. तिला रडू येत होतं आणि एसटी चुकेल ही काळजीही वाटत होती.

बाहेर आवारात ती चपला शोधत होती. तोंडाला उपरणं गुंडाळलेला एक माणूस गर्दीतून पुढं आला. वाकून त्यानं तिचे पाय घट्ट धरले, सोडीचना.

"आरं, कोण तू लेकरा? कुटल्या—"

बाळाबाई मध्येच थांबली. त्याच्या पाठीवरून तिनं हात फिरवला. बरगड्या हाताला लागत होत्या.

"ऱ्हाऊ दे, सांगू नगंस," ती हळूच म्हणाली. "गोळ्या मातुर समद्या संपीव."