धोंड्याचा महिना

डॉक्टर रश्मींनी सोनोग्राफीचं मशीन तिसऱ्यांदा पोटावरून फिरवलं आणि पडद्याकडे बघतच विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?"

"अक्षयतृतीयेले," प्राजक्ता म्हणाली. तिला ते पक्कं आठवत होतं. त्या दिवशी ती बाजूला बसली होती, स्वयंपाकाला तिचा हात लागायचा नव्हता, आणि श्यामनं सगळ्यांची नजर चुकवून तिला आमरसाची वाटी आणून दिली होती. त्यानंतर दीड महिन्यानं परतवाड्याच्या रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

तेरवीच्या दिवशीच तिला उलट्या सुरू झाल्या. काय झालंय ते तिच्याआधी सासूला, रुख्मिणीबाईंना, कळलं. प्राजक्तानं तेव्हाच सांगून टाकलं, मले हे नको. ती बावीस वर्षांची होती. अकोल्याला नर्सिंगला जायचं तिनं लग्नाआधीच ठरवलं होतं, ते लग्नानं राहून गेलं. आता नवरा नाही, निदान ते तरी हाताला लागावं, एवढंच तिला हवं होतं. कोणी त्याला पाप म्हणो, कोणी हक्क म्हणो. म्हणणाऱ्यांचं काय जातं, पुढचे दिवस तिला काढायचे होते.

सासू आकाशपाताळ एक करील असं तिला वाटलं होतं. एकुलता एक मुलगा गेलेली बाई. पण रुख्मिणीबाई शांत राहिल्या. त्यांनी स्वतः सरकारी दवाखान्याच्या आशाताईला घरी बोलावून कायदा विचारून घेतला. नवरा गेलेल्या बाईला चोवीस आठवड्यांपर्यंत मोकळं होता येतं, तिची एकटीची सही पुरते, पण लवकर जाल तेवढं बरं, असं आशाताईनं सांगितलं. "किती म्हणलं? चोवीस?" रुख्मिणीबाईंनी पुन्हा विचारलं आणि मान डोलावली. सगळं वलगाव थक्क झालं. सासू असावी तर अशी, असं प्राजक्ताच्या आईनंही मोर्शीहून फोनवर म्हटलं. मला विचाराल तर अशा वेळी न रडणाऱ्या माणसाची भीती वाटायला हवी. प्राजक्ताला मात्र हायसं वाटलं.

"मंग वेळ हाये अजून," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "घाई काहून करतं? पयले दोन घास खात जाय. अंगात रगत तं येऊ दे."

मग अधिक श्रावण लागला. धोंड्याच्या महिन्यात असलं काम करू नये, म्हणून तो गेला. पुढचा खरा श्रावण पवित्र, म्हणून तोही गेला. पोळा झाला, महालक्ष्म्या झाल्या. प्राजक्ता मधूनच घाबरून विचारी, "आई, किती झाले?" रुख्मिणीबाई अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत आणि सांगत, "पाचवा लागला नाई अजून." मग तिचा जीव भांड्यात पडे. तिचं काय घेऊन बसलात, रुख्मिणीबाई गावच्या जुन्या सुईण, अर्धं गाव ती मोजणी डोळे मिटून मानत असे. सरकारी कार्डावरची बाळंतपणाची तारीख चुके, रुख्मिणीबाईंची चुकत नसे. पितृपक्षात एका सकाळी त्या आपण होऊनच म्हणाल्या, "चाल, आज जाऊ अमरावतीले."

डॉक्टरांनी मोबाइलमधलं कॅलेंडर मागं सरकवलं. "अक्षयतृतीया म्हणजे एप्रिलची बावीस. चोवीस आठवडे आणि वर पाच दिवस झालेत. मशीनही तेच सांगतंय."

"नाई मॅडम, पाचवाच चालू हाये. आईनं मोजलं ना." प्राजक्ता उठून बसली. तिनं बोटं पुढं धरून दाखवली. वैशाख, जेठ, आषाढ, श्रावण, भादवा.

"यंदा श्रावण दोन होते ना गं," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

प्राजक्तानं पुन्हा मोजलं; या वेळी सहावं बोट लागलं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. गेल्या आठवड्यात आली असतीस तर आम्ही दोन डॉक्टरांनी मिळून केलं असतं, त्या म्हणाल्या. आता ते आमच्या हातात नाही. बाळात काही व्यंग दिसत नाही, तेव्हा मेडिकल बोर्डाकडूनही आशा नाही. नागपूरला हायकोर्टात अर्ज करता येतो, पण तिथं काय होईल ते सांगता येत नाही, आणि तोवर दिवस काही थांबत नाहीत. "पाच दिवस," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी मशीन बंद केलं.

बाहेर बाकावर रुख्मिणीबाई पदर सावरून बसल्या होत्या. प्राजक्तानं त्यांच्या शेजारी अंग टाकलं. एवढ्यातही तिला त्यांचीच कीव आली. पोरगा गेल्याच्या दुःखात बिचारीची मोजणी चुकली, आता जन्मभर स्वतःला बोल लावत बसेल.

"आई, तुमी धोंड्याचा महिना धरलाच नाई," ती रडत म्हणाली. "लय उशीर झाला. आता होत नाई म्हणते मॅडम. पण तुमी मनाले लावून घेऊ नका. चूक होते माणसाकडून."

रुख्मिणीबाईंनी पदरानं तिचे डोळे पुसले. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी तिच्या पोटावर हात ठेवला, आणि तो काढला नाही.

"धोंडा देवाधर्मात सोडतात, बाई. पोटाच्या मोजणीत नाई सोडत," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सांत म्या एकदाबी सोडला नव्हता."