हजेरीला चाळीस

धम्मरत्न मोरे नापास झाला होता. तोही दोनदा. सकाळच्या बॅचच्या यादीत एकदा आणि रात्रीच्या यादीत पुन्हा एकदा.

चैतालीने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. लिंबायत वस्तीतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती शिकवायची, आणि या वेळी तिथे दोघंच होती. तो कापड विणायच्या लूमवरची रात्रपाळी संपवून, तोंडही न धुता, थेट इकडे आला होता.

"हे असं कसं, मॅडम?" तो मोठ्याने म्हणाला. दहा वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही.

"तुमची नावं दोन झालीत," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

चूक तिचीच होती. लूमवरची पाळी दर पंधरा दिवसांनी फिरते. दिवसपाळी असली की धम्मरत्न रात्री साडेआठच्या बॅचला बसायचा, रात्रपाळी असली की सकाळी नऊच्या. सहा महिन्यांत एक दिवस चुकला नाही. पण हजेरी-निकालाच्या नव्या प्रोग्राममध्ये बॅच बदलायची सोय नव्हती. मग चैतालीने त्याला दोन्हीकडे घालून टाकलं, त्यात काय एवढं म्हणून. आता प्रोग्रामच्या लेखी धम्मरत्न नावाचे दोन इसम होते आणि दोघंही निम्मे दिवस गैरहजर.

गुणांचे खानेही तिनेच पाडले होते. हजेरीला चाळीस, रोजच्या कामाला चाळीस, परीक्षेला वीस. क्लासचे मालक मगनभाई तेव्हा म्हणाले होते, परीक्षेला एवढेच? ती म्हणाली, या बायकांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण घरदार टाकून रोज येतात, त्याचं काही मिळू दे त्यांना. मन चांगलं होतं हो तिचं, नाही कशाला म्हणा. ते करताना पाळीवाला माणूस तेवढा तिच्या डोक्यात आला नाही.

"हजेरीचे वीस, कामाचे सोळा," तिने वाचून दाखवलं. "परीक्षेचे अठरा. चोपन्न होतात. पास व्हायला साठ लागतात."

"परीक्षेत अठरा कोणाला आहेत अजून?"

"कोणालाच नाहीत."

"दोन्हीकडची हजेरी एकत्र करा ना मग."

"मागच्या तारखा उघडत नाहीत. खान्यांचे आकडे तेवढे बदलता येतात. तेही बारा वाजेपर्यंत. मग निकाल फोनच्या लाइनवरून अहमदाबादच्या मुख्य ऑफिसला जाणार, आणि तिथून सर्टिफिकेट येणार."

"सोमवारी पलसाण्याच्या मिलमध्ये मला निकालाचा कागद दाखवायचाय," तो म्हणाला. "रंगाचं माप कॉम्प्युटरवर घालायला माणूस पाहिजे त्यांना. मी लूमचं काम सोडलं, मॅडम. कालची पाळी शेवटची होती. माझ्या जागेवर आज दुसरा उभा आहे."

हे तिला माहीत नव्हतं. तिने की-बोर्ड पुढे ओढला. हजेरीला पस्तीस, कामाला तीस, परीक्षेला पस्तीस. एन्टर. सकाळच्या यादीत धम्मरत्न मोरे पास झाला.

तो हसला. सहा महिन्यांत तिने त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

"पण हे बघा," ती म्हणाली, आणि यादी खाली सरकवली.

या नव्या आकड्यांनी खाली अकरा जणी नापास झाल्या होत्या. सगळ्या लिंबायतच्या. घरी मजुरीवर साड्यांना टिकल्या लावून, मग क्लासला येणाऱ्या. सुंदरा पाटील त्यांच्यात होती. नवरा गेल्यापासून ती दवाखान्यात केसपेपर लिहायच्या जागेसाठी या कागदाची वाट पाहत होती.

"परीक्षेला तीसपर्यंत करून पाहिलं मी," चैताली म्हणाली. "तुम्ही पास होत नाही, आणि त्याही पडतात. मधला आकडाच सापडत नाही. तुम्ही सांगाल तसं करते."

इथे मात्र तिचं चुकलं. खाने हिने पाडायचे, नावं हिने दोनदा घालायची, आणि निवाडा त्याने करायचा. हे काही खरं नाही.

धम्मरत्न यादीकडे बघत राहिला. "मी पण रोज आलोय," तो म्हणाला. "त्या चाळिसांत माझेही आहेत."

"आहेत."

"झोपेने डोळे मिटायचे, तरी आलोय."

"माहीत आहे मला."

मग त्याने की-बोर्ड स्वतःकडे घेतला. बोटांकडे न बघता, तिने शिकवल्याप्रमाणे दहाही बोटं जागेवर ठेवून, चाळीस, चाळीस, वीस टाकले. एन्टर दाबलं. अकराही जणी वर आल्या का, ते एकेक नाव वाचून पाहिलं.

"हे मला विचारायला नको होतं तुम्ही, मॅडम," तो म्हणाला. "निकाल लावणं तुमचं काम होतं."

तिने पडदा परत आपल्याकडे वळवला.

तो उठला. दारात सुंदरा चपला काढत होती. निकाल लागला असेल म्हणून ती लवकर आली होती, आणि आत यायचा धीर होत नव्हता म्हणून पट्ट्याशी चाळा करत उभी होती.

"आमनं काय व्हयनं रे धम्मा?"

"पास, मावशी. सगळ्या पास."

तिने पदर तोंडाला लावला. जरा वेळाने डोळे पुसून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"अन् तू?"

"मी रोज येत होतो, मावशी," धम्मरत्न म्हणाला, आणि तिच्या बाजूने वाट काढून जिना उतरला.