काळी पट्टी

१९५८ साली ब्रह्मदेशातल्या अमरपुराच्या तळ्यावर होड्यांची शर्यत सुरू झाली, तेव्हा सुकाणूवरच्या म्या मौंगला हरण्याची भीती नव्हती. भीती होती ती सदरा वर सरकण्याची. रेशमी लुंगीची गाठ त्याने पुरुषासारखी पुढेच मारली होती, पण सदऱ्याखाली कमरेला काळी पट्टी होती. ती फक्त बायकांच्या लुंगीला असते.

त्या दिवशी गाव सात वर्षांनी जिंकलं. नावाड्यांचा म्हातारा म्होरक्या ऊ फो ठिट याने आनंदाने त्याला खांद्यावर उचललं आणि सदरा वर सरकला. काळी पट्टी सगळ्या काठाला दिसली. बाईच्या लुंगीखाली ज्याची मान गेली, त्या पुरुषाचं तेज गेलं म्हणतात.

"मेल्या, बायकोची नेसून आलास?"

"तिची कशाला, काका? माझी आहे. हौसेने विणून घेतलीय."

"आणि माझं तेज गेलं त्याचं काय?"

"शर्यतभर हीच नेसून होतो. तुमच्या हातातला चषक बघा की!"

म्हातारा एवढा हसला, की दोघेही पाण्यात पडले.

पुढे ऊ फो ठिट नव्वदीपर्यंत जगला. दर शर्यतीच्या सकाळी दारात येऊन विचारायचा, "ती धुऊन ठेवलीस ना रे?"

म्या मौंग आता स्वतः नव्वदीचा आहे. सदरा तो लुंगीच्या आत खोचतो, पट्टी दिसेल असा.