साहेबांची पाठ

"चोखा," म्हणत जिलियनने वडिलांच्या हातात लाल लॉलीपॉप कोंबला.

"मला साखर चालत नाही."

"मग नुसता तोंडात धरा. आज मौनाचा रविवार आहे. सगळे धरून उभे आहेत."

रेग अ‍ॅक्रॉइडनी मैदानाभोवती बांधलेल्या दोरीच्या कडेने नजर टाकली. खरंच, वाऱ्यात कुडकुडणारे झाडून सारे आईबाप गाल फुगवून उभे होते. लहान मुलांच्या फुटबॉलमध्ये वर्षातून एकदा ही टूम निघे: प्रेक्षकांनी फक्त टाळ्या वाजवायच्या, शेवटची शिट्टी होईपर्यंत मैदानाकडे शब्द फेकायचा नाही. ही अक्कल कुणाची, हे त्या माणसाला समोर उभं करून विचारावं असं रेगना फार वाटत होतं. ज्या प्रशिक्षकाच्या आवाजाने ब्रिगशॉ टाउन क्लबला दोनदा इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं, ज्याला निवृत्तीनंतरही अख्खं गाव 'साहेब' म्हणत होतं, त्याच्या तोंडात काडी!

पण इलाज नव्हता. गेल्या महिन्यात याच दोरीपाशी उभं राहून त्यांनी नातीला, नऊ वर्षांच्या टिलीला, असं झापलं होतं की पोर गाडीत हमसून हमसून रडली. मग कितीतरी दिवस तिने बुटांना हात लावला नाही. आज निघताना जिलियनने दारातच बजावलं होतं, "तिच्याकडे बघून एक शब्द जरी ओरडलात ना बाबा, तर पुन्हा मॅचला यायचं नाही. हे मी नाही म्हणत. तीच म्हणालीय."

खेळ सुरू झाला आणि रेगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुळाला मुंगळे लागावेत तशा सगळ्या पोरी चेंडूला लागल्या होत्या. टिलीने डावी कड सांभाळायची, तर ती कड मोकळी टाकून घोळक्यात घुसलेली. कडेला राहा की बये! शब्द अगदी ओठांवर आला. रेगनी करकन लॉलीपॉप चावला. त्याच मोकळ्या कडेने समोरच्या संघातली एक ठेंगणी पोर निवांत आत शिरली आणि गोल करून गेली. टिलीच्या संघाचा शिक्षक क्रेग, एरवी बॉयलर दुरुस्त करणारा, त्यावरही दोन्ही अंगठे उंचावून हसत होता.

"किती झाले?" रेगनी लेकीच्या कानाशी लागून विचारलं.

"या वयात गोल मोजत नाहीत, बाबा."

"मग आलेत कशाला हे सगळे इथं?"

"खेळायला."

रेगनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती लहानपणी डोक्यावर पडली होती.

खेळ संपत आला असताना समोरच्या पोरीच्या हाताला चेंडू लागला. पेनल्टी. कुणी मारायची ते पोरींनीच ठरवायचं होतं. टिलीने चेंडू उचलून पोटाशी धरला आणि सोडेचना.

रेग गर्रकन वळले आणि मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. ते काही रागावले नव्हते, ही त्यांची जुनी खोड होती. साऱ्या कारकिर्दीत साहेबांनी एकही पेनल्टी पाहिली नव्हती. खेळाडूने चेंडू ठेवला की ते पाठ फिरवत, आणि काय झालं ते लोकांच्या गर्जनेवरून ओळखत. गावातल्या पबच्या भिंतीवर त्यांचा तसा मोठा फोटोच होता. आज मात्र समोर नुसत्या उभ्या केलेल्या मोटारी होत्या आणि गर्जना होणार नव्हती.

"वळा," जिलियन म्हणाली.

"मी बघितली की चुकते."

"लहानपणी टीव्हीवर मी तुमची पाठच बघितली, बाबा. शाळेच्या कार्यक्रमाला तर तीही दिसली नाही." तिने मैदानाकडे बोट केलं. "टिली थांबलीय. तुमच्याकडे बघतेय. वळा ना."

रेग वळले.

चेंडू ठेवून टिली खरंच त्यांच्याकडे बघत उभी होती. पंच शिट्टी हातात धरून ताटकळला होता. तिचं उभं राहणं पाहताच रेगना सगळं कळून चुकलं. अंग मागे झुकलेलं. चेंडू वर जाणार, अगदी आभाळात जाणार. 'वाक' एवढा एकच शब्द पुरला असता.

त्यांनी काडीवर दात रोवले आणि डोळे उघडे ठेवले.

चेंडू गोलवरून उडाला, कुंपणावरून उडाला आणि पलीकडच्या कुरणात मेंढ्यांमध्ये जाऊन पडला. आईबापांनी इमानाने टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने शेवटची शिट्टी झाली.

चिखलाने माखलेली टिली धावत दोरीपाशी आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"आजोबा, पाहिलंस?"

"पाहिलं."

"शेवटपर्यंत?"

"मेंढ्यांपर्यंत."

टिली मागे वळून मैत्रिणींना ओरडून सांगू लागली, "आजोबांनी माझी पेनल्टी पाहिली! त्यांनी कुणाचीच पाहिलेली नाहीये! कुणाचीच!" मग तिने आजोबांचा कोट ओढला. "पुढच्या रविवारी येशील ना?"

शिट्टी झाली होती, मौन सुटलं होतं. चेंडूशेजारी टेकायचा पाय, मागे झुकलेलं अंग, मोकळी टाकलेली कड, सगळं जिभेवर आलं होतं. रेगनी तोंड उघडलं.

मग चावून चोथा झालेली ती काडी त्यांनी पुन्हा दातांत नीट धरली आणि मान डोलावली.