काकांच्या टेबलापाशी

काकूंनी खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर उचलला आणि नाकाशी धरला. घाईताई खोका घेऊन बाजूला उभी होती. काकांच्या खणातला चष्मा, ब्रश, गोळ्यांची पाकिटं तिनेच भरली होती. ऑफिसातलं दुसरं कोणी पुढे आलं नव्हतं.

जाहिरात कंपनीत ती ट्रॅफिक सांभाळायची. स्वतः एक ओळ लिहायची नाही की रेघ ओढायची नाही. लेखकाकडून मजकूर काढायचा, चित्रकाराच्या मागे लागायचं, गिऱ्हाइकाची सही आणायची आणि पान वेळेत छापायला पोचवायचं. कुठलंही काम कुणाच्या टेबलावर बसू द्यायचं नाही, हीच तिची नोकरी. घाईताई हे नाव चित्रकार काकांनीच ठेवलं होतं. "दारात यम आला तरी ही त्याची आधी सही घेईल," ते म्हणायचे.

काका याच टेबलावर गेले. जेवणाच्या सुट्टीत. सुट्टी संपल्यावर शिपायाच्या लक्षात आलं. ते करत असलेली पानभर जाहिरात मात्र दुसऱ्या दिवशी वेळेवर छापून आली, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर घाईताईची पाठ थोपटली.

त्याला तीन आठवडे झाले होते. ती या टेबलाला वळसा घालून जायची. परवा रस्ता ओलांडताना आईने तिचा हात धरला, तर ती भर रस्त्यात किंचाळली होती.

"डॉक्टर म्हणाले, फार त्रास झाला नसेल," काकू म्हणाल्या. "पण जवळ कोणीच नव्हतं गं. तेच मला कुरतडतंय. एकटेच गेले."

घाईताईने खोका खाली ठेवला.

"काकू, मी होते."

काकूंनी वर पाहिलं.

"पान न्यायला आले होते. ते टेबलावर डोकं टेकून होते. मला वाटलं, डुलकी लागलीय. मी पान ओढलं, तर त्यांनी माझा हात धरला. घट्ट. आणि मी..."

पुढचंच तर सांगायचं होतं. पान जायला दहा मिनिटं उरली होती. 'काका, आता मस्करी नको हं,' असं म्हणत तिने त्यांचं एकेक बोट सोडवलं होतं आणि मागे न बघता ती जिना उतरली होती. तीन आठवडे ती हे मनात घोकत होती. आज सांगून टाकायचं, काकूंनी थोबाडीत मारली तरी चालेल, असं ठरवून ती आली होती.

पण काकूंनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता. त्यांचा आवळलेला चेहरा हळूहळू सैल होत होता.

"म्हणजे ते एकटे नव्हते," त्या म्हणाल्या. "किती वेळ धरला होता गं हात?"

घाईताईने या वेळी हात सोडवून घेतला नाही.

"शेवटपर्यंत," ती म्हणाली.